तळाच्या शेताचं पाणी

गावच्या पोहण्याच्या तलावाची किल्ली ग्लेनिस ट्रेवीनच्या कमरेला होती, त्या काळात तलावाच्या काठानं पळायची एकाही पोराची छाती नव्हती. शिट्टी वाजायच्या आधी नुसती तिची मान वळली, की पोरं निमूट चालायला लागत. उन्हाळ्यात कुरालिनमध्ये दुसरीकडे जायला जागा तरी कुठे होती? पारा चाळिशीच्या वर, तोंडावर माश्या, आणि गव्हाची कापणी झाल्यावर उरलेली पिवळी धसकटं थेट आभाळाला टेकलेली. तेव्हा अख्खा गाव ग्लेनिसच्या ताब्यात. रोज सकाळी ती तलावाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायची, त्यात औषधाचे थेंब टाकायची, आलेला रंग तक्त्याशी ताडून बघायची आणि पाण्यात काय टाकायचं ते ठरवायची. सामू, म्हणजे पीएच, सातच्या थोडा वर राहिला पाहिजे. खाली गेला की पाणी आंबट होतं, पोरांचे डोळे चुरचुरतात. फार वर गेला की शेवाळ धरतं. एवढं ती शिकली होती आणि तेवढ्यावर तिचं छान चाललं होतं.

मूळची ती इकडची नव्हे. तिचा बाप पश्चिम किनाऱ्यावर शेवंडं पकडायचा. जेराल्डटनच्या एका नाचाच्या कार्यक्रमात मर्व्ह ट्रेवीननं तिच्या पायावर पाय दिला आणि माफी मागता मागता ओळख वाढवली. लग्न करून ती त्याच्या शेतावर आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला विचारलं, "खाली ते पांढरं काय दिसतंय रे? दहिवर पडलंय?"

"मीठ आहे," मर्व्ह म्हणाला.

"समुद्र सोडून एवढ्या लांब आत आले आणि इथेही मीठच?"

मर्व्ह हसला नाही. त्या पांढऱ्या जमिनीवर त्याला विनोद चालत नसे.

त्याच्या बापानं हे शेत काढलं तेव्हा इथे घनदाट रान होतं. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये जहाजाचा साखळदंड बांधायचा आणि ओढत न्यायचं, झाडं आडवी. कायदाच तसा होता तेव्हा. रान साफ केलं नाही तर जमीन हातची जायची. पण जमिनीखालचं पाणी खालीच ठेवायचं काम ती झाडं करत होती हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. झाडं गेली, पाणी वर चढलं, आणि युगानुयुगं खाली साठलेलं मीठ घेऊन वर आलं. खोऱ्याच्या तळाला असलेली जमीन आधी मेली. ट्रेवीनांचं तळाचं शेत सगळ्यात सखल. बापाच्या हयातीत तिथे गहू कमरेइतका वाढायचा, मर्व्हच्या हाती आलं तेव्हा नुसतं चिकट पांढरं माळरान. मर्व्हनं तिथे काय नाही केलं! जिप्सम टाकलं, खारट जमिनीत जगणारी झुडपं लावली, सरी-वरंबे काढून पाहिले. दर वर्षी पांढरा डाग थोडा पुढे सरकायचा. पाहुणे आले की तो त्यांना वरच्या शेतांकडे न्यायचा. तळाकडची वाट टाळायचा.

अशात खोऱ्याच्या वरच्या अंगाला शेती करणाऱ्या रॉस वुलकॉटनं खोल चराची गोष्ट काढली. रॉस म्हणजे बोलघेवडा माणूस. मेंढीला लोकर नको म्हणून पटवेल असा. त्याचं म्हणणं होतं, दीड पुरुष खोल चर खोऱ्याच्या मधोमध काढायचा, पाच शेतांतून न्यायचा. जमिनीखालचं खारं पाणी त्यात पाझरेल आणि खाली कुरालिनच्या तळ्यात जाईल. पाणी उतरलं की पावसानं वरचं मीठ धुऊन जाईल आणि जमीन परत जिवंत होईल. इतर ठिकाणी लोकांनी केलं होतं, फायदाही झाला होता.

अडचण एकच होती, क्लेम बेअर्ड. तळ्याच्या काठाची जमीन त्याची. गावच्या सभागृहात बैठक झाली तेव्हा तो उभा राहिला. उंच, वाळकुडा, सत्तरीला आलेला विधुर. म्हणाला, "तुमचं मीठ तुमच्याकडेच ठेवा. माझ्या दारात ओतू नका."

"क्लेम, तुझ्या तळ्यात काय साखरेचं पाणी आहे?" मर्व्हनं विचारलं. "आधीच खारट आहे ते."

सगळे हसले. क्लेमनं टोपी घातली आणि चहा न पिता निघून गेला. त्यानं सही दिली नाही, तेव्हा रॉसनं रस्त्याकडेच्या सरकारी पट्टीतून चर नेण्याची परवानगी मिळवली. त्या दिवसापासून मर्व्ह गोळे घरंगळवायला बोलिंग क्लबच्या हिरवळीवर आला, की क्लेम आपले गोळे पिशवीत भरून पलीकडच्या पट्टीवर जायचा.

उन्हाळ्यात खोदाईचं यंत्र आलं. मर्व्ह रोज त्याच्यामागे चालायचा. चर तळाच्या शेतात पोहोचला आणि भिंतींतून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा तो त्या कडेला बराच वेळ उकिडवा बसून राहिला. संध्याकाळी घरी येऊन ग्लेनिसला म्हणाला, "उतरायला लागलं." बस्स एवढंच. पण त्या रात्री त्यानं दोनदा वाढून घेतलं.

चराच्या परवानगीत एक अट होती. वाहणाऱ्या पाण्याची तपासणी करत राहायची. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रॉस म्हणाला, "अरे, ग्लेनिस आहे की! तिच्याकडे नळ्या आहेत, औषधं आहेत."

"बरोबर," मर्व्ह म्हणाला. "ती पोरांची मुतं मोजते, आता आपलं पाणी मोजेल."

"तुझं पाणी मी लग्नाच्या दिवशीच जोखलंय," ग्लेनिस म्हणाली, आणि काम तिच्या गळ्यात पडलं.

पावसाळा सुरू झाला. आमच्याकडे तो थंडीत येतो. ग्लेनिस गाडीत बादली, दोरी, बाटल्या टाकून चराच्या वरच्या टोकापासून खाली रस्त्यापर्यंत जायची, ठरलेल्या जागी पाणी काढायची. किती वाहतंय ते बघायची, किती खारं आहे ते मोजायची. पाणी समुद्राइतकं खारं होतं. ते अपेक्षितच होतं. सामू मात्र विचित्र येत होता. थेंब टाकले की नळी पिवळीजर्द व्हायची. तक्त्यावरचा शेवटचा रंग पिवळाच. त्याच्या खाली तक्ता संपतो. तिला वाटलं, औषध जुनं झालं असेल. पहिलं वर्ष तसंच गेलं; दुसऱ्या पावसाळ्यात नवं मागवलं. पुन्हा पिवळं. मग तिनं तलावाच्या पाण्यात थेंब टाकून पाहिले. ते नेहमीसारखं लाल आलं. म्हणजे औषधात खोट नव्हती.

तिनं बाटल्या भरून पर्थच्या प्रयोगशाळेत पाठवल्या. तिथली इन्ग्रिड नावाची रसायनतज्ज्ञ मुलगी आठवड्याभरानं फोनवर आली.

"तुमचा तपासणीचा संच खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "त्याला इतकं खालचं बोलताच येत नाही. सामू तीनच्या आसपास आहे."

"तीन? तीन म्हणजे?"

"व्हिनेगर. जवळजवळ तेवढं आंबट. शिवाय ॲल्युमिनियम विरघळलेलं आहे, लोखंड भरपूर, थोडं शिसंही आहे. हे कोणी पाण्यात टाकलेलं नाही, बरं का. तुमच्याकडच्या काही खोऱ्यांत खोलवरचं पाणी मुळातच असं असतं. तो चर त्याला वर आणतोय, आणि हवा लागली की ते आणखी आंबट होतं. मी तुम्हाला चांगलं मीटर पाठवते. पण मला सांगा, हे पाणी शेवटी जातं कुठे?"

"तळ्यात," ग्लेनिस म्हणाली. तिनं फोन ठेवला आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली.

कारण इकडे मर्व्हची बार्ली उगवली होती. पहिल्या वर्षी विरळ, दुसऱ्या वर्षी दाट. तळाच्या शेतात, जिथे ग्लेनिसनं आल्यापासून हिरवं पातं पाहिलं नव्हतं तिथे, गुडघ्याएवढी बार्ली वाऱ्यावर हलत होती. मर्व्ह एके दिवशी दुपारच्या जेवणाला आला तो ओंबी घेऊनच. ती तिच्या ताटाशेजारी ठेवली. साठी उलटलेला माणूस, पण तोंडावर शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखं हसू. आता पाहुणे आले की तो त्यांना तडक तळाच्या शेतात न्यायचा.

मीटर आलं. ग्लेनिसनं सगळ्या जागा पुन्हा मोजल्या. वरच्या टोकाला जरा बरं होतं, तळाच्या शेतापासून खाली तीन. तिनं त्याच दिवशी मर्व्हला सांगायचं ठरवलं. तो मटणाचा चॉप खात होता.

"मर्व्ह, चराच्या पाण्यात आम्ल आहे. खूप."

"मीटर बिघडलं असेल."

"पर्थच्या मुलीनंही तपासलं. तोच आकडा."

"मग पर्थचं बिघडलं असेल." तो चॉप कापत राहिला. मग सुरी ठेवून म्हणाला, "आणि असलं आम्ल तर असलं. ते खारं पाणी कोण पिणार आहे? एवढं एक पीक घरात येऊ दे ग्लेन. एक वर्ष गप्प बस. मग बघू."

"मी गप्प बसले तर पाणी गप्प बसणार आहे का?"

त्यानं टोपी घेतली, कुत्र्याला शीळ घातली आणि निघून गेला. ग्लेनिसनं भांडी घासली आणि गाडी काढून एकटीच तळ्यावर गेली.

तिला वाटलं होतं, गढूळ, तांबडं काहीतरी बघायला मिळेल. चराच्या तोंडाशी तसं होतंही. दगडांवर गंजासारखा थर, त्याच्यापुढे पांढरा चिकट गाळ. पण तळं? ती काठावर गेली आणि थबकली. पाणी आरशासारखं नितळ होतं. निळसर हिरवी झाक, आणि कमरेइतक्या खोलीवरचा तळ कणाकणानं दिसावा इतकं स्वच्छ. आपल्या तलावाचं पाणी असं ठेवावं म्हणून तिनं जन्म घालवला होता, आणि तिला एकदाही ते जमलं नव्हतं. ती वाकून बघत राहिली. एकही पाणकिडा हलत नव्हता. पावसाळ्याच्या शेवटी तळ्यात सुईएवढे झिंगे वळवळायचे, तेही नव्हते. काठावरच्या कागदी सालीच्या झाडांचे शेंडे वाळले होते.

"बघतेस ना?" मागून आवाज आला. क्लेम बेअर्ड. बांधावरून चालत आला होता. "मीही रोज येऊन बघतो. माझ्या लहानपणी असं होतं हे तळं. आम्ही पोहायचो इथे."

ग्लेनिस कमरेत सरळ झाली.

"मी तेव्हा सभेत काय काय बोललो," क्लेम म्हणाला. "घाण येईल, गाळ येईल. आणि आलं हे असं. माणसानं चूक झाली तर म्हणावं, झाली. मी मर्व्हकडे यायचं म्हणत होतो या रविवारी. एक बाटली घेऊन. तो दार उघडेल का, तूच सांग."

"क्लेम, तू हे पाणी कशाला वापरलंस का?"

"अजून नाही. पुढच्या आठवड्यात पंप बसवणार आहे. इतकं नितळ झालंय म्हणजे मीठ खाली बसलं असेल. पंपाचं पाणी माझ्या शेततळ्यातल्या गोड्या पाण्यात मिसळलं तर मेंढ्यांना उन्हाळाभर पुरेल."

"नको," ती म्हणाली. "पंप बसवू नकोस. मेंढ्यांना हे दाखवूही नकोस."

"का?"

तिनं गाडीतून मीटर आणलं. त्याच्यादेखत पाण्यात धरलं. आकडा हलत हलत खाली आला आणि थांबला. क्लेमनं चष्मा लावून वाचलं.

"तीन पूर्णांक दोन. आणि किती पाहिजे?"

"तलावात मी सातच्या वर ठेवते."

"म्हणजे निम्म्याहून कमी."

"तसं नसतं ते. एक पायरी खाली उतरलं की दहापट आंबट. दुसरी उतरलं की शंभरपट. हे पाणी नितळ आहे कारण त्यात काही जगतच नाही. सगळं मरून तळाला बसलंय."

क्लेमनं तळ्यावरून नजर फिरवली. मग म्हणाला, "यंदा बदकं उतरली नाहीत. मी म्हटलं, कोल्ह्यानं घरटी खाल्ली असतील. दोन कोल्हे मारले मी." त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. ग्लेनिसला वाटलं, आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "मर्व्हला ठाऊक आहे?"

ग्लेनिसनं मीटर पुसलं. "आज सांगितलं," म्हणाली.

"आणि?"

"म्हणतो, मीटर बिघडलंय."

"हो का," क्लेम म्हणाला, आणि बांधावरून माघारी गेला. रविवारी तो आला नाही.

ग्लेनिसनं घरी येऊन मर्व्हला सरळ सांगितलं. तळ्यावर गेले होते, क्लेम भेटला, त्याला सगळं सांगितलं. मर्व्हचा चेहरा विटेसारखा लाल झाला.

"गावात दुसरं कोणी भेटलं नाही तुला? क्लेम बेअर्ड?"

"तो त्याच्या मेंढ्यांना ते पाणी पाजणार होता."

"माझ्या बापानं ही जमीन घालवली," मर्व्ह म्हणाला. तो कधी इतकं बोलत नसे. "उभा जन्म लोकांच्या तोंडून मी ते ऐकलंय. मी ती परत आणली. पहिल्यांदा काहीतरी परत आणलं. आणि आता तू गावभर सांगत सुटलीस की मी दुसऱ्याची घालवली!"

"गावभर नाही. ज्याची गेली त्याला. आणि तुझ्या बापाला कळत नव्हतं. आपल्याला कळलंय."

त्यानंतर मर्व्हनं तिच्याशी बोलणं टाकलं. घरात दोनच माणसं. मुलगी लग्न करून दक्षिण किनाऱ्यावर. मग मध्यस्थी बिस्किटवर आली. बिस्किट म्हणजे त्यांचा मेंढ्या राखणारा कुत्रा. "बिस्किट, तुझ्या बाईला सांग, मीठ दे," मर्व्ह म्हणायचा. ग्लेनिस म्हणायची, "बिस्किट, त्याला सांग, मीठ खालच्या शेतात मुबलक आहे." बिस्किट एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायचा आणि शेवटी टेबलाखाली जाऊन झोपायचा.

याच दिवसांत मर्व्ह एकदा तासभर दिसेनासा झाला. तो रस्त्याखालच्या मोरीपाशी गेला होता. चर रस्ता ओलांडतो तिथे सिमेंटचे मोठे नळ टाकून मोरी केली होती, आणि ती मर्व्हनं स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. नळ नवेकोरे, पन्नास वर्षं टिकायचे. तो चरात उतरला आणि पाण्याच्या रेषेपाशी नळावर पान्ह्यानं ठोकलं. सिमेंट ओल्या केकसारखं सुटलं. त्यानं आणखी ठोकलं. आतली सळई दिसायला लागली. तिथे तो किती वेळ होता कोण जाणे. घरी येऊन बिस्किटलासुद्धा काही बोलला नाही.

या आकड्यांवर बोलायला गावाची सभा भरली तेव्हा सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. इन्ग्रिड पर्थहून आली होती. तिनं भिंतीवर आकडे दाखवले, काय झालं ते सोप्या शब्दांत सांगितलं, कोणालाही दोष दिला नाही. तरी रॉस उसळलाच.

"तुम्ही उद्या तुमच्या हापिसात जाल. आम्हाला इथे पिकवायचंय. आणि हे सगळं कशावरून? तलावावरच्या बाईच्या बादलीवरून!"

"रॉस, तुझी दोन्ही पोरं त्याच बादलीच्या भरवशावर पोहायला शिकली," ग्लेनिस म्हणाली. मागच्या रांगेतल्या बायका हसल्या.

क्लेम उठला. या वेळी त्याचा आवाज चढलेला होता. तळं सगळ्यांचं आहे, पण भरून वाहिलं की पाणी त्याच्या कुरणात येतं. ते थांबलं नाही तर तो वकिलाकडे जाईल, आणि पाचही शेतकऱ्यांना कोर्टात उभं करील. गलका सुरू झाला. तेवढ्यात मर्व्ह पुढे गेला. खिशातून त्यानं सिमेंटचा एक ठोकळा काढून टेबलावर ठेवला आणि बोटानं दाबला. कोपरा भुगा होऊन पडला.

"ही रस्त्याची मोरी आहे," तो म्हणाला. "मला त्या मीटरमधलं काही समजत नाही. सिमेंट समजतं. ही मी बसवली. हे त्या पाण्यानं केलंय." मग क्लेमकडे न बघता म्हणाला, "तोंड बंद करायला पाहिजे."

"माझं?" क्लेमनं विचारलं.

"चराचं!" मर्व्ह ओरडला, आणि सगळं सभागृह हसलं, क्लेमही, मनात नसताना.

रस्त्याच्या अलीकडे मातीचा बांध घालून चराचं तोंड बुजवलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. पाणी तुंबलं, मागे चढत गेलं. इन्ग्रिडनं जमिनीचा उंचसखलपणा मोजून सांगितलं, पाणी अडवून उन्हानं आटवायला एक मोठं पसरट तळं करावं लागेल, आणि त्याच्या तोंडाशी चुनखडीच्या वाळूचा चर, म्हणजे आंबटपणा मरेल. जागा एकच योग्य, खोऱ्यात सगळ्यात सखल. ट्रेवीनांचं तळाचं शेत.

मर्व्ह नाही म्हणाला. रॉस येऊन गेला, बाकीचे येऊन गेले; तो फाटकातच नाही म्हणायचा. ग्लेनिसनं त्याला एकदाही सांगितलं नाही की दे. जमीन त्याची होती आणि त्या जमिनीचं त्याला काय वाटतं हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला स्वतःलाही त्या हिरव्या तुकड्याचा लळा लागला होता. ती तलावावर जायची, संध्याकाळी यायची. तोवर मर्व्ह बोलायला लागला होता, पण फक्त हवापाण्याबद्दल, आणि पाण्याबद्दल कमीच.

बार्लीची कापणी झाली. पीक चांगलं आलं. त्यानंतर एके दिवशी ग्लेनिस तलाव बंद करून घरी येत होती, तर तळाच्या शेतात मर्व्ह खुंट्या ठोकताना दिसला. लाल फडकी बांधलेल्या खुंट्या, शेताच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती. ती गाडी थांबवून उतरली.

"अर्धंच देणार," तो म्हणाला. "वरचं अर्धं माझं. त्या मुलीला विचार, अर्ध्यात भागेल का."

"विचारते."

"आणि वाळू त्यांनी आणायची. मी एक पाटीसुद्धा टाकणार नाही." मग खुंटीवर हातोडा मारता मारता म्हणाला, "तुंबलेलं पाणी असंच वर चढत राहिलं असतं तर तसंही सगळंच गेलं असतं."

तिनं हातोड्याखाली खुंटी धरली. बोटं सांभाळ, असं तो म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी तो तिच्याशी काळजीनं काही बोलला होता.

अर्ध्यात भागलं, पण जेमतेम. चुनखडीची वाळू क्लेमच्या ट्रकमधून आली, कारण मोठा ट्रक त्याच्याकडेच होता. तो ट्रक रिकामा करायचा, मर्व्ह ट्रॅक्टरनं पसरायचा; दोघं मिळून दिवसात चार शब्द. कोर्टाची गोष्ट क्लेमनं पुन्हा काढली नाही, सोडून दिली असंही म्हणाला नाही. पहिल्या वर्षी वाळूतून येणाऱ्या पाण्याचा सामू सहापर्यंत गेला आणि सगळे खूश झाले. दुसऱ्या वर्षी वाळूवर गंजाची साय धरली आणि आकडा परत घसरला. इन्ग्रिड म्हणाली, दर पावसाळ्याआधी वाळू उकरावी लागेल. ते काम, मी एक पाटी टाकणार नाही म्हणणाऱ्या मर्व्हनंच अंगावर घेतलं आणि दर वर्षी न चुकता शिव्या देत केलं.

तळं लवकर सुधारलं नाही. काठाची झाडं गेली ती गेलीच. मधल्या एका उन्हाळ्यात वादळाचा मोठा पाऊस झाला, खोऱ्यातून पुराचं पाणी आलं आणि तळं धुऊन निघालं; त्यानंतर ग्लेनिसला साडेचार, मग पाच असे आकडे मिळायला लागले. पाणी पुन्हा गढूळ झालं. ते गढूळ झालेलं पाहून खूश होणारी गावात ती एकटीच.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं तलावाची किल्ली दुसऱ्या बाईला दिली. बादली मात्र सोडली नाही. आता मर्व्ह गाडी चालवतो. ती फार हळू चालवते अशी त्याची तक्रार. ती सांगते तिथे तो उतरतो, दोरीनं बादली सोडतो, आणि पाणी वर आलं की आकडा वाचायच्या आधीच म्हणतो, "बिघडलंय."

मागच्या वर्षी शेजारच्या खोऱ्यातले काही शेतकरी आले होते. त्यांच्याकडेही मीठ चढत होतं, चर काढायचा विचार होता. मर्व्हनं त्यांना तळाच्या शेतात नेलं. वरच्या अर्ध्यात बार्ली उभी होती, खालच्या अर्ध्यात तांबूस पाणी उन्हात आटत होतं. तो त्यांना म्हणाला, "चर वाईट नाही. हे पीक बघा. कोणी म्हटलं चर वाईट, तर ऐकू नका."

"आणि हे?" एकानं खालच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"हे पण बघा."

"मग आम्ही काढावा की नाही?"

मर्व्हनं ग्लेनिसकडे पाहिलं. ती बाटलीचं झाकण घट्ट करत होती.

"आधी एक खोल भोक पाडा," ती म्हणाली. "पाणी काढा, मोजा, आणि ते ज्याच्या दारात जाणार त्याच्या घरी जाऊन चहा प्या. मग ठरवा."

"आणि तो चहाच देणार नसेल तर?" त्यातला एक तरुण म्हणाला.

"तर आपला घेऊन जा," मर्व्ह म्हणाला, आणि वाळू उकरायची वेळ झाली होती म्हणून ट्रॅक्टरकडे निघाला.